कुत्र्याचा मूत्रसंसर्ग पुन्हा पुन्हा का होतो आणि तो कसा रोखावा

घरात पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्यांना मूत्रसंसर्गाची ओळख बहुधा फरशीवरच्या थेंबांतून होते. एरवी शिस्तीने बाहेर लघवीला जाणारी मादी एकाएकी दर अर्ध्या तासाने दाराशी जाऊन उभी राहते, बाहेर नेल्यावर बसते, चार थेंब टाकते, दोन पावले चालून पुन्हा बसते, आणि घरी आल्यावर सोफ्याशेजारी लालसर डाग दिसतो. डॉक्टर प्रतिजैविक देतात, दोन दिवसांत सगळे ठीक होते, आणि महिना-दीड महिन्याने तेच सगळे पुन्हा सुरू होते. मग ‘मागचे औषध लागू पडले नसावे, या वेळी जास्त ताकदीचे द्या’ अशी मागणी पुष्कळदा पालकच करतात. हा लेख त्या टप्प्यावर पोहोचलेल्या, किंवा तिथे पोहोचायचे नसलेल्या, नव्या पालकांसाठी आहे. निरोगी मूत्राशयात जंतू सहसा टिकत नाहीत. ते वारंवार टिकत असतील तर त्यांना आसरा देणारे काहीतरी त्या शरीरात आहे, आणि ते शोधल्याशिवाय औषधाचे नाव बदलत राहून फारसे काही साधत नाही.

हे जंतू बहुतेक वेळा कुत्र्याच्या स्वतःच्याच आतड्यातले किंवा गुदद्वार आणि जननेंद्रियाभोवतीच्या त्वचेवरचे असतात. त्यांत ई. कोलाय सर्वांत जास्त आढळतो. त्याखालोखाल स्टॅफिलोकोकस, प्रोटियस, एन्टरोकोकस, क्लेबसिएला असे इतर येतात. ते मूत्रमार्गातून वर चढतात आणि मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला चिकटतात. त्यांना रोखण्यासाठी शरीराजवळ काही साध्या व्यवस्था आहेत : वेळोवेळी पूर्ण रिकामे होणारे मूत्राशय, मूत्रमार्गाचे घट्ट मिटलेले तोंड, अस्तराचा निसटता थर, आणि लघवीची स्वतःची तीव्रता. मादीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असल्यामुळे हा आजार तिच्यात कितीतरी अधिक दिसतो. नराला तो होतच नाही असे मात्र नाही, आणि निर्बीजीकरण न झालेल्या नराला झाला तर तो साधा समजू नये. त्याचे कारण पुढे येईल.

पशुवैद्यकात ‘वारंवार’ या शब्दाला ठरलेले माप आहे : सहा महिन्यांत २ किंवा अधिक वेळा, अथवा बारा महिन्यांत ३ किंवा अधिक वेळा जंतुसंसर्गाने मूत्राशयाचा दाह झाला तर तो वारंवार होणारा संसर्ग मानतात. वर्षातून एकदा झालेला त्रास या व्याख्येत बसत नाही, आणि त्यासाठी पुढे सांगितलेल्या सगळ्या तपासण्या करण्याची गरजही नसते.

पायरी पहिली : हा खरोखर मूत्रसंसर्गच आहे का, हे पाहावे

थोडी थोडी आणि वारंवार लघवी होणे, कुंथणे, लघवी करताना कण्हणे, तिथे सतत चाटणे, उग्र वास, गढूळपणा, रक्त, आणि सवय लागलेल्या कुत्र्याने घरात लघवी करणे ही नेहमीची लक्षणे आहेत. परंतु हीच लक्षणे मूतखड्याने, मूत्राशयातल्या गाठीने किंवा नुसत्या सुजेनेही होतात. म्हणून लक्षणांवरून औषध सुरू करण्याची सवय पहिल्या वेळी चालून गेली तरी तिसऱ्या वेळी ती घातक ठरू शकते.

आपल्याकडे लाल लघवीच्या बाबतीत विशेष सावध राहावे लागते. गोचिडांमुळे होणाऱ्या बॅबेसिया या आजारात रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि लघवी गडद लाल ते चहा-कॉफीच्या रंगाची होते. असे कुत्रे मलूल असते, त्याला ताप असतो, हिरड्या पांढरट दिसतात. मात्र ते थेंब थेंब लघवी करत नाही, कुंथतही नाही. त्याला मूत्रसंसर्गाच्या गोळ्या देत बसले तर मोलाचे दिवस वाया जातात. मोकळे फिरणाऱ्या किंवा रस्त्यावरून घरी आणलेल्या कुत्र्यांत, नर असो वा मादी, जननेंद्रियावर संभोगातून पसरणारी गाठ आपल्या देशात बरीच आढळते, आणि तिच्यातून ठिबकणारे रक्त लघवीतलेच वाटते. निर्बीजीकरण न झालेली मादी माजावर असेल तर रक्तस्राव स्वाभाविकच आहे. पण माज संपून महिना-दोन महिने झाल्यावर ती फार पाणी पिऊ लागली, जेवण सोडले, पोट फुगले किंवा योनीतून दुर्गंधीयुक्त स्राव येऊ लागला, तर ते गर्भाशयात पू झाल्याचे लक्षण असू शकते आणि त्यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कधी कधी गर्भाशयाचे तोंड मिटलेले राहते आणि स्राव दिसतच नाही. म्हणून स्रावाची वाट पाहत थांबू नये.

पावसाळ्यात ताप, उलट्या आणि डोळ्यांत पिवळेपणा यांबरोबर लघवीत बदल झाला, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका धरून डॉक्टरांना तसे सांगावे. हा आजार लघवीवाटे माणसालाही होतो, म्हणून ती पुसताना हातमोजे घालावेत. लेप्टोची लस दरवर्षी द्यावी लागते, हे नव्या पालकांच्या ध्यानात बहुधा राहत नाही.

कुत्रे, विशेषतः नर, कुंथत आहे आणि लघवीचा थेंबही बाहेर येत नाही, अशी स्थिती असेल तर सकाळची वाट पाहू नये. मूत्रमार्गात खडा अडकल्याची ती खूण असू शकते आणि काही तासांतच जिवावर बेतते.

पायरी दुसरी : प्रतिजैविकाच्या पहिल्या गोळीआधी नमुना द्यावा

वारंवार होणाऱ्या संसर्गात कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी ही तपासणी टाळून चालत नाही. कल्चरमध्ये लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून त्यांची ओळख पटवतात, आणि सेन्सिटिव्हिटीत कोणत्या औषधाने ते मरतात ते पाहतात. अहवाल यायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. तेवढ्यात कुत्र्याला त्रास असह्य होत असेल तर डॉक्टर वेदनाशामक देतात किंवा अंदाजाने एखादे प्रतिजैविक सुरू करतात आणि अहवालानंतर ते बदलतात. नमुना मात्र आधी घेतलेला असला पाहिजे. दोन गोळ्या पोटात गेल्यावर घेतलेल्या नमुन्यात जंतू वाढतच नाहीत, आणि ‘संसर्ग नाही’ असा फसवा अहवाल हाती येतो.

नमुना कसा घेतला यावर अहवालाचा अर्थ अवलंबून असतो. घरी वाटीत धरलेल्या लघवीत त्वचेवरचे आणि केसांतले जंतू मिसळतात, त्यामुळे कल्चरसाठी ती भरवशाची नसते. डॉक्टर पोटावरून बारीक सुई थेट मूत्राशयात घालून लघवी काढतात, हीच कल्चरसाठी सर्वांत उत्तम पद्धत. ऐकायला भीतिदायक वाटते, पण सोनोग्राफीच्या मदतीने केली तर बहुतेक कुत्री इंजेक्शनाइतकीही तक्रार करत नाहीत. मूत्राशयात गाठीचा संशय असेल किंवा गर्भाशयात पू असण्याची शक्यता असेल, तर डॉक्टर सुई टाळतात. म्हणून मादीच्या मागच्या माजाची तारीख आपण होऊन सांगावी.

साध्या तपासणीसाठी घरचा नमुना चालतो. सकाळची पहिली लघवी घ्यावी, सुरुवातीची धार सोडून मधली धरावी. लांब दांड्याचा स्वच्छ डाव किंवा उथळ ताटली मादीच्या मागून हळूच सरकवावी. समोरून गेले की ती हमखास उठून उभी राहते. नमुना कोरड्या, निर्जंतुक डबीत ओतून शक्यतो तासाभरात पोहोचवावा, आणि ते जमणार नसेल तर फ्रीजमध्ये ठेवून किती वेळ ठेवला ते सांगावे, कारण थंडीमुळे लघवीत स्फटिक तयार होतात आणि नसलेल्या मूतखड्याची चर्चा सुरू होते.

औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या रंगपट्ट्यांबद्दल एक इशारा. त्या माणसांसाठी बनवलेल्या आहेत. रक्त, साखर, प्रथिने यांचा अंदाज त्यांवरून येतो, परंतु पांढऱ्या पेशी आणि नायट्राइट यांचे चौकोन कुत्र्यांच्या बाबतीत विश्वसनीय नाहीत, तसेच लघवीचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे ती किती दाट किंवा पातळ आहे ते, पट्टीवरून ठरवू नये. ते दवाखान्यात रिफ्रॅक्टोमीटर या छोट्या उपकरणाने मोजतात.

पायरी तिसरी : औषध सांगितले तितकेच, सांगितले तितके दिवस

कधीतरी होणाऱ्या, गुंतागुंत नसलेल्या मूत्राशयदाहासाठी पूर्वी सर्रास दोन आठवड्यांचा कोर्स देत असत. आता कुत्रा-मांजरांच्या संसर्गजन्य रोगांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार अशा वेळी ३ ते ५ दिवस पुरेसे मानले जातात, आणि सुरुवातीला अमोक्सिसिलिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा यांसारखी साधी औषधे सुचवली जातात. त्यामुळे डॉक्टरांनी पाचच दिवसांचे औषध दिले तर त्यांनी काटकसर केली असे समजू नये. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला असेल तर साधारण १० ते १४ दिवस, आणि प्रोस्टेटमध्ये (नराच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या ग्रंथीत) असेल तर चार ते सहा आठवडे औषध चालते. हा फरक पालकाने ठरवायचा नसतो.

मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या, शेजारच्यांच्या कुत्र्याला लागू पडलेले औषध, किंवा घरातल्या माणसाच्या लघवीच्या त्रासासाठी आणलेले कॅप्सूल देऊ नये. अर्धवट मात्रेने हळवे जंतू मरतात, चिवट उरतात, आणि पुढच्या अहवालात ‘रेझिस्टंट’ (औषधाला दाद न देणारा) या शब्दाची रांग लागते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल या माणसांच्या वेदनाशामकांपासूनही कुत्र्याला दूर ठेवावे. पहिली दोन जठर आणि मूत्रपिंडाला, तर तिसरे प्रामुख्याने यकृताला इजा करते.

पालकांना सर्वांत अवघड जाते ती याच्या उलट गोष्ट. काही कुत्र्यांच्या लघवीत जंतू सापडतात, परंतु त्यांना कोणताही त्रास नसतो. म्हाताऱ्या, मधुमेही किंवा मागचे पाय लुळे पडलेल्या कुत्र्यांत हे पुष्कळदा दिसते. अशा वेळी साधारणतः औषध न देण्याचाच सल्ला आहे, कारण नुसता अहवाल ‘स्वच्छ’ करण्यासाठी दिलेल्या प्रतिजैविकाने कुत्र्याला लाभ होत नाही आणि प्रतिकार मात्र वाढतो. अहवालातले जंतू पाहून आपणच बेचैन होतो. डॉक्टरांनी थांबायला सांगितले तर थांबावे.

पायरी चौथी : जंतूंना आसरा कोठे मिळतो, ते शोधावे

दुसऱ्या-तिसऱ्या वेळच्या कल्चरचे अहवाल शेजारी ठेवून पाहावेत. औषध संपल्यावर थोड्याच दिवसांत तोच जंतू परत आला असेल, तर तो पूर्णपणे गेलाच नव्हता. औषध पोहोचत नाही अशा जागी तो दडून बसला आहे असे समजावे : खडा, प्रोस्टेट, मूत्रपिंड, मूत्राशयाच्या भिंतीवरची गाठ. प्रत्येक वेळी निराळा जंतू येत असेल, तर दडण्याची जागा नाही, पण दार उघडे आहे किंवा पहारा ढिला आहे. ही विभागणी काटेकोर नाही, तरीही पुढे कोणती तपासणी आधी करायची ते तिच्यामुळे ठरते, आणि खर्चही वाचतो.

मूतखडा हे दडण्याचे नेहमीचे ठिकाण. कुत्र्यांतले स्ट्रुवाइट प्रकारचे खडे बहुतेक वेळा संसर्गातूनच जन्मतात : स्टॅफिलोकोकस आणि प्रोटियससारखे काही जंतू लघवीतल्या युरियाचे विघटन करतात, लघवी अल्कधर्मी होते आणि खडा बनतो. मग जंतू खड्याच्या पोटात सुरक्षित राहतात आणि औषध थांबताच बाहेर येतात. हे खडे खास आहार आणि योग्य प्रतिजैविक यांच्या जोडीने काही आठवड्यांत विरघळू शकतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत, ते काढावेच लागतात. दोन्ही सामान्यतः एक्स-रेत दिसतात, परंतु डाल्मेशियन जातीत आढळणारे युरेटचे खडे पुष्कळदा दिसत नाहीत, म्हणून सोनोग्राफीही करावी. लघवीत स्फटिक दिसले म्हणजे खडा आहेच असे नव्हे, हेही ध्यानात असू द्यावे.

निर्बीजीकरण न झालेल्या नरात प्रोस्टेट ग्रंथी वयानुसार वाढते आणि तिच्यात संसर्ग शिरला की तो चिवटपणे राहतो, कारण अनेक प्रतिजैविके त्या ग्रंथीत पुरेशी शिरतच नाहीत. अशा नराच्या मूत्रसंसर्गात प्रोस्टेट तपासल्याशिवाय विषय संपवू नये. निर्बीजीकरणाने ग्रंथी आकसते आणि पुनरावृत्तीची शक्यता कमी होते.

पहारा ढिला पडण्याची कारणे शरीराच्या इतर भागांत असतात. मधुमेहात लघवीत साखर उतरते. कुशिंग या आजारात शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त तयार होते. खूप पाणी पिणे, सतत भूक, धापा टाकणे, लोंबते पोट आणि दोन्ही बाजूंचे केस सारखेच विरळ होणे ही त्याची चिन्हे आहेत. मूत्रपिंड निकामी होत असेल तर लघवी पातळ होते आणि तिची जंतूंना रोखण्याची शक्ती घटते. याच यादीत, आणि आपल्या दमट किनारपट्टीवर फारच महत्त्वाचे, स्टेरॉइड येते. मुंबई-कोकण-गोव्याच्या हवेत त्वचेची खाज हा कुत्र्यांचा बारमाही त्रास, आणि त्यासाठी महिनोन्‌महिने प्रेडनिसोलोन चालू असलेली कुत्री कमी नाहीत. स्टेरॉइड दाह दाबते, म्हणून अशा कुत्र्यात संसर्ग असूनही जळजळ, कुंथणे काहीच दिसत नाही. मूत्रसंसर्गासाठी वेगळ्या डॉक्टरांकडे गेलात तर त्वचेचे औषध आवर्जून सांगा. ते आपल्या मनाने एकदम बंद मात्र करू नका, हळूहळू कमी करावे लागते.

उघड्या दाराची कारणे पालकाला स्वतः पाहता येतात. निर्बीजीकरण झालेल्या मादीत, विशेषतः मोठ्या जातींत, मूत्रमार्गाचे तोंड मिटवणारा स्नायू पुढे कधीतरी सैल पडतो, आणि ती झोपेत असताना अंथरुणावर ओल उमटते. ही शिस्तीची चूक नसते, म्हणून तिच्यावर ओरडू नये. फिनाइलप्रोपॅनोलामाइनसारख्या औषधाने हा त्रास बहुतांशी आटोक्यात येतो आणि त्याबरोबर संसर्गाची वारंवारताही कमी होऊ शकते. काही माद्यांची योनी आत ओढलेली आणि वरून त्वचेच्या घडीने झाकलेली असते. वजन वाढले की घडी आणखी खोल होते, लघवी तिथे साठते आणि त्वचा सडते. पिल्लू असल्यापासूनच सतत ठिबकत असेल तर मूत्रपिंडाकडून येणारी नळी जन्मतः चुकीच्या जागी उघडत असल्याची शक्यता तपासावी. मणक्याच्या आजारात मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही, आणि मागे उरलेली लघवी जंतूंच्या पथ्यावर पडते.

एवढी लांबलचक यादी वाचून घाबरण्याचे कारण नाही. कुत्र्याच्या वयावरून डॉक्टर क्रम लावतात : लहान पिल्लात आधी जन्मजात दोष पाहतात, तरुण आणि मध्यमवयीन कुत्र्यात खडा, प्रोस्टेट आणि योनीची ठेवण, तर उतारवयात रक्तशर्करा, मूत्रपिंड, कुशिंग आणि मूत्राशयातली गाठ. साधे रक्त, लघवी, एक्स-रे आणि सोनोग्राफी एवढ्यात बऱ्याच कुत्र्यांचे कारण हाती लागते. खर्चाचा प्रश्न असेल तर परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या सरकारी संस्थांच्या रुग्णालयात चौकशी करावी. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथेही पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत.

पायरी पाचवी : पाणी मोजावे, मग वाढवावे

भरपूर पाणी, भरपूर लघवी आणि धारेबरोबर वाहून जाणारे जंतू हे तत्त्व बरोबर आहे. परंतु वाढवण्याआधी कुत्रे किती पिते ते मोजावे. निरोगी कुत्रे दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी पिते, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला लिटर-सव्वा लिटर. ओले अन्न खाणारे कुत्रे भांड्यातून बरेच कमी पिते. दर किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर आकडा जात असेल, म्हणजे याच कुत्र्याने दोन लिटरहून अधिक प्यायले, तर त्याला पाणी वाढवण्याची नव्हे, तपासणीची गरज आहे. आणि तपासणी होईपर्यंत पाणी तोडणे तर मुळीच योग्य नाही. सकाळी मोजून भरावे, रात्री उरलेले मोजून वजा करावे, आणि दोन-तीन दिवसांची सरासरी काढावी.

कमी पिणाऱ्या कुत्र्यासाठी सर्वांत सोपा मार्ग जेवणातून आहे. कोरड्या दाण्यांत कोमट पाणी घालून ते भिजवून द्यावेत, किंवा मीठ-कांदा-लसूण न घालता चिकन उकडून त्याचे पाणी भातावर घालावे. घरात दोन-तीन ठिकाणी भांडी ठेवावीत, रोज घासावीत. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात भांडे सावलीत असावे आणि दुपारी पाणी बदलावे, कारण तापलेले पाणी कुत्रे हुंगून सोडून देते. तहान लागावी म्हणून अन्नात मीठ घालण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

पायरी सहावी : लघवी तुंबू देऊ नये

मोठ्या कुत्र्याला जागेपणी चार ते सहा तासांनी लघवीची संधी मिळावी. पिल्लांना, म्हाताऱ्यांना आणि सध्या संसर्ग असलेल्यांना त्याहून लवकर. सदनिकेत राहणाऱ्या आणि दोघेही कामावर जाणाऱ्या कुटुंबांत सकाळी आठ ते संध्याकाळी सात असे अकरा तास कुत्रे धरून बसते, आणि ‘आमचे कुत्रे किती समजूतदार’ म्हणून त्याचे कौतुक होते. दुपारी नेणाऱ्या माणसाची सोय करणे हा या लेखातला कदाचित सर्वांत उपयोगी खर्च असेल. ते शक्य नसल्यास बाल्कनीत कृत्रिम हिरवळीची चटई किंवा ट्रे ठेवून तिथे जाण्याची सवय लावावी, आणि ती रोज धुवावी.

पावसाळ्यात अनेक कुत्री ओल्या जमिनीवर बसायलाच नकार देतात आणि पालकही छत्री सावरत दोन मिनिटांत परत फिरतात. अशा दिवसांसाठी सोसायटीच्या वाहनतळाजवळची किंवा जिन्याखालची एखादी आडोशाची जागा आधीच पाहून ठेवावी, व्यवस्थापनाची परवानगी घ्यावी आणि नंतर पाणी टाकावे, म्हणजे भांडणे होत नाहीत. दिवाळीत फटाक्यांना घाबरून कुत्री रात्र-रात्र बाहेर पडत नाहीत. तेव्हा संध्याकाळी अंधार पडण्याआधी आणि पहाटे आवाज थांबल्यावर फेरी मारावी. फेरीत घाई करू नये. पहिल्या धारेनंतर लगेच पट्टा ओढला तर मूत्राशय अर्धेच रिकामे होते, विशेषतः म्हाताऱ्या माद्यांचे.

पायरी सातवी : स्वच्छता, पण बेताची

योनीभोवतीचे लांब केस कात्रीने न कापता ट्रिमरने आखूड ठेवावेत. त्वचेची घडी असेल तर ती रोज कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने पुसून लगेच कोरडी करावी; पुसण्याची दिशा पुढून मागे, गुदद्वाराकडे असावी, उलट नव्हे. जुलाब झाले असतील तर प्रत्येक वेळी धुवावे. पावसातून आल्यावर पाय पुसतोच, तिथे पोटाखालचा आणि मागचा भागही पुसावा. डेटॉल, सॅव्हलॉन, माणसांचा साबण किंवा सुगंधी वाइप यांचा तिथे उपयोग करू नये. त्यांनी त्वचा चुरचुरते, कुत्रे अधिक चाटते आणि लाळेबरोबर नवे जंतू तिथे जातात. घडीत सतत पुरळ उठत असेल आणि वजन उतरवूनही फरक पडत नसेल, तर अतिरिक्त त्वचा काढणारी शस्त्रक्रिया असते आणि योग्य निवड केलेल्या माद्यांत तिचा चांगला उपयोग होतो. पिल्लू मादीची योनी आत ओढलेली असेल तर पहिला माज येऊन गेल्यावर ती पुष्कळदा आपोआप सुधारते. म्हणून निर्बीजीकरणाची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवावी.

वजनाचा उल्लेख वर दोनदा आला आहे, आणि आपल्याकडच्या लॅब्रॅडॉरांकडे पाहिले तर तो आणखी दोनदा करायला हरकत नाही. दूध-पोळी, बिस्किटे आणि घरातल्या प्रत्येकाच्या ताटातला एकेक घास यांनी कमरेवर चढलेली चरबी योनीची घडी खोल करते आणि लघवी ठिबकण्याचा त्रास वाढवते.

पायरी आठवी : घरगुती उपाय आणि पूरके यांची पारख

क्रॅनबेरीच्या गोळ्या कुत्र्यांसाठी मोठ्या प्रमाणावर विकल्या जातात. त्या बहुधा अपाय करत नाहीत, परंतु कुत्र्यांतला संसर्ग त्यांनी टळतो असे म्हणण्याजोगा पुरावा नाही; डी-मॅनोज ही साखर आणि प्रोबायोटिक यांचीही स्थिती तशीच आहे. द्यायच्या असतील तर तपासणीच्या पैशांतून देऊ नयेत. जवाचे, धण्याचे किंवा साधे ताकाचे पाणी कुत्र्याने आवडीने प्यायले तर पोटात पाणी गेले एवढा लाभ नक्की, औषध म्हणून त्यावर विसंबू नये.

जळजळीसाठी माणसांना देतात ते सायट्रेटचे सरबत मात्र धोक्याचे ठरू शकते, कारण ते लघवी अल्कधर्मी करते आणि स्ट्रुवाइटचा खडा असेल तर त्याला पोषक ठरते. लिंबू किंवा व्हिनेगर पाजून लघवी आम्ल करण्याचा खटाटोपही करू नये. खडा कोणत्या जातीचा हे कळल्याशिवाय लघवीची आम्लता बदलणे म्हणजे अंधारात हात घालणे, आणि म्हणूनच मूतखड्यासाठीचे खास अन्नही डॉक्टरांच्या सल्ल्याविना आणू नये. उष्णता कमी होते म्हणून घराघरांत भिजवले जाणारे मनुके कुत्र्याला कधीही देऊ नयेत, त्यांचे पाणीही नको. द्राक्षे, बेदाणे आणि मनुके यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड अचानक निकामी होऊ शकते, आणि किती दाण्यांनी होईल याचा नेम नसतो.

काही हट्टी संसर्गांत डॉक्टर मेथेनामाइनसारखे, प्रतिजैविक नसलेले औषध सुचवतात; लघवी आम्ल असेल तरच ते काम करते, म्हणून त्याबरोबर लघवी तपासत राहावी लागते. महिनोन्‌महिने कमी मात्रेत प्रतिजैविक चालू ठेवण्याची जुनी पद्धत मात्र आता सहसा टाळली जाते.

पायरी नववी : वही ठेवावी

एका साध्या वहीत प्रत्येक वेळची तारीख, लक्षणे, नमुना सुईने घेतला की वाटीत, कल्चरमधला जंतू, दिलेले औषध, किती दिवस दिले आणि कितव्या दिवशी फरक पडला, हे लिहावे. मादीच्या माजाच्या तारखा, वजन, पाण्याची मोजणी, गोचिडांचे औषध आणि चालू असलेली इतर औषधे तिथेच असावीत. औषध सुरू करून दोन दिवसांत (४८ तासांत) काहीच फरक नसेल, ताप किंवा उलट्या सुरू झाल्या, पाठ दुखत असल्यासारखे कुत्रे अंग चोरू लागले, तर कोर्स संपण्याची वाट न पाहता परत जावे. वारंवार होणाऱ्या संसर्गात औषध संपल्यानंतर पाच ते सात दिवसांनी पुन्हा कल्चर करावे का, हेही पहिल्या भेटीतच विचारून ठेवावे. तोच जंतू उरला आहे की नवा आला आहे, हे बहुधा त्यावरूनच कळते. गावी किंवा परगावी जाताना कुत्रे कोणाकडे ठेवायचे असेल, तर वहीच्या शेवटच्या दोन पानांचे फोटो, फेऱ्यांच्या वेळा आणि पाण्याचे रोजचे माप त्या माणसाला द्यावे, आणि थेंब थेंब लघवी किंवा रक्त दिसल्यास आपल्याला फोन करण्याआधी कोणत्या दवाखान्यात न्यायचे ते लिहून ठेवावे.